परसांतलें तळें

घरामागें चार गुंठे मोकळी जागा असली, कीं तींत एखादें लहानसें तळें असावें अशी हौस पुष्कळांस असते. कोंकणांतील वाडींत राहणाऱ्यांस ती आहे, आणि नोकरींतून मोकळें होऊन पुण्या-नाशिकच्या बाहेर जमीन घेणाऱ्यांसही आहे. हौस चांगली आहे. परंतु अशीं तळीं दोनतीन वर्षांनीं जाऊन पाहावीं. कांहींत हिरवें दुर्गंधी पाणी असतें, कांहीं कोरडीं पडून त्यांत फुटक्या कुंड्या जाऊन पडलेल्या असतात, आणि ज्यांत मासे अजून सुखानें फिरत आहेत अशीं थोडींच निघतात. मालकाचें उत्तर ठरलेलें असतें : “लक्ष द्यावयास वेळच झाला नाहीं.” हें उत्तर मला पटत नाहीं. दुर्लक्षानें जितकीं तळीं बिघडतात, तितकींच फाजील लक्ष दिल्यानेंही बिघडतात. आपण तळ्याकडे मोठ्या घंगाळाप्रमाणें पाहतों; मळलें कीं ओतावें, घासावें आणि पुन्हां भरावें. तळें हें भांडें नव्हे. तें नांदतें घर आहे, आणि त्यांत काय शिरूं द्यावयाचें व काय नाहीं, एवढ्यावरच त्याचें आरोग्य बव्हंशीं ठरतें.

पहिला निर्णय जागेचा, आणि येथेंच बहुतेकांची दिशाभूल होते. पाणी सखल भागाकडे धांवतें, तेव्हां तळेंही सखल भागांत खणावें, असें सहज वाटतें. गांवच्या तलावास तें लागू आहे, परसांतल्या तळ्यास नाहीं. आवाराच्या सखल कोपऱ्यांत पहिल्या पावसाबरोबर गोठ्यांतलें शेण, वाफ्यांतलें खत, न्हाणीचें साबणाचें पाणी आणि अंगणांतली माती हीं सारीं एकत्र येऊन मिळतात. म्हणून तळें थोड्या उंचवट्यावर घ्यावें आणि त्याचा कांठ भोंवतालच्या जमिनीपेक्षां निदान चारसहा इंच वर ठेवावा. संडासाची टांकी व शोषखड्डा यांपासून तें दूर आणि चढत्या बाजूस असावें. दिवसाकाठीं पांचसहा तास ऊन मिळालें पाहिजे, एरव्हीं कमळा-कुमुदांस फुलें येत नाहींत. मात्र उन्हाळ्यांत तिसऱ्या प्रहरीं एखाद्या भिंतीची सांवली पडली तर तिचा उपकारच होतो. झाडाखालीं मात्र तळें नको. आंब्याचीं पानें जाळीनें काढतां तरी येतात. चिंचेचा पाला इतका बारीक, कीं तो जाळींतून निसटून तळाशीं बसतो आणि कुजतो. वडपिंपळाचीं मुळें तर सिमेंटची भिंतही फोडतात. शेवटची अट अशी कीं, तळें स्वयंपाकघराच्या किंवा ओटीच्या खिडकींतून दिसलें पाहिजे. तिचें कारण पुढें येईल.

खोलीविषयीं एक गैरसमज रूढ आहे. तळें उथळ असलें म्हणजे तें मुलांस सुरक्षित, असें समजून दीड फूट खोलीचीं तळीं बांधतात. तीं सुरक्षितही नसतात आणि निरोगीही नसतात. देशावर एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्याची दररोज सुमारें ८ ते १० मिलिमीटर वाफ होते, म्हणजे दोन महिन्यांत जवळजवळ दोन फूट पाणी नुसतें आकाशांत जातें. दीड फुटांच्या तळ्यांत वरून भर न घातल्यास मेअखेर चिखलच राहावयाचा. शिवाय उथळ पाणी दुपारीं तापतें, आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. २० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. ३० अंशांस तो साडेसातावर येतो. मासे याच शिलकेवर जगतात. म्हणून मध्यभागीं तीन ते साडेतीन फूट खोली हवी, आणि कांठाशीं फूटभर रुंदीची, नऊदहा इंच पाण्याखालीं राहील अशी पायरी चारी बाजूंनीं सोडावी. तीवर कुंड्या ठेवतां येतात, बेडकांस वर चढतां येतें, आणि पाय घसरून पडलेल्यास टेकावयास जागा मिळते.

हिशेबही आधींच करून ठेवावा. बारा फूट लांब, आठ फूट रुंद आणि सरासरी अडीच फूट खोल अशा तळ्यांत २४० घनफूट, म्हणजे सुमारें ६,८०० लिटर पाणी मावतें. आणि ऐन उन्हाळ्यांत त्यास रोज ७० ते ९० लिटर, म्हणजे चारपांच बादल्या, भर घालावी लागते. ज्या घरीं वैशाखांत पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते, त्या घरानें ही हौस पुढें ढकललेली बरी, असें मी स्पष्ट सांगतों.

तळ कशाचा करावा हें जमीनच सांगते. कोंकणांतला जांभा सच्छिद्र, देशावरचा मुरूम पाझरणारा. दोहोंतही नुसता खड्डा खणून पाणी राहत नाहीं. काळी माती पाणी धरते, पण एकदां वाळली कीं तिला भेगा पडतात. तेव्हां घरगुती तळ्यास सिमेंट किंवा जाड प्लॅस्टिकचें अस्तर हेच दोन व्यवहार्य मार्ग उरतात. अस्तराखालीं अणकुचीदार खडे वेंचून वाळूचा थर द्यावा. सिमेंट नवें असतां त्यांतला चुना पाण्यांत उतरतो व तें पाणी माशांस मारक होतें. म्हणून तें भरून चारपांच दिवसांनीं रिकामें करावें, आणि असें तीनचार वेळां झाल्यावर मगच त्यांत जीव सोडावा. तळें रिकामें करण्याचा उत्साह सत्कारणीं लागावा असा हा एकच प्रसंग.

छपराचें पाणी घेतां आलें तर फार उत्तम. ५०० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, कीं हजार-अकराशें लिटर पाणी मिळतें. पहिले दोन पाऊस वाहूं द्यावे, आणि पुढचें पाणीही थेट तळ्यांत न सोडतां मध्यें लहानसा हौद घालावा, म्हणजे गाळ तेथेंच बसतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं पुण्यास पाणी आणण्यासाठीं कात्रजला जें काम झालें, त्यांतही एकापुढें एक असे दोन तलाव आहेत. वरच्यांत गाळ राहावा आणि खालच्यांतून निवळ पाणी शहरांतल्या हौदांकडे जावें, ही योजना. नळाचें पाणी वापरावयाचें असल्यास त्यांतलें क्लोरीन उडून जावें म्हणून तें एकदोन दिवस उघडें ठेवावें.

आतां खऱ्या परीक्षेचा काळ. तळें भरलें, कुंड्या मांडल्या, येणाऱ्याजाणाऱ्यानें कौतुक केलें. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत पाणी मुगाच्या कढणासारखें हिरवें झालें. येथें घरांत सभा भरते. काकांचें मत सारें पाणी उपसून टाकावें असें पडतें, धाकटे बंधु मोरचूद सुचवितात, कोणी ब्लीचिंग पावडर आणावयास निघतो. यांपैकीं कांहींही करूं नये. हा हिरवेपणा म्हणजे डोळ्यांस सुटा न दिसणाऱ्या शैवालांचा. नव्या पाण्यांत नायट्रोजन व फॉस्फरस यांचे क्षार असतात, वर ऊन असतें, आणि ते क्षार खावयास दुसरें कोणी अजून आलेलें नसतें. पाणी उपसून नवें भरणें म्हणजे जेवून उठूं लागलेल्या पाहुण्यापुढें पुन्हां ताट मांडणें होय. मोरचुदानें शैवालें मरतात खरीं, पण मेलेलीं शैवालें कुजतांना पाण्यांतला प्राणवायु खातात, आणि तांबें माशांसही बाधतें.

उपाय दोन, आणि दोन्ही सावकाशीचे. पहिला सांवलीचा, पाण्याच्या पृष्ठभागाचा अर्धा ते दोनतृतीयांश भाग तरंगत्या पानांनीं झांकूं द्यावा. दुसरा वांटेकऱ्यांचा, पाण्यांत बुडून वाढणाऱ्या आणि कांठच्या चिखलांत रुजणाऱ्या वनस्पति लावाव्या, म्हणजे शैवालांचें अन्न त्या उचलतात. दीडदोन महिन्यांत पाणी बहुधा आपोआप निवळतें. याच अवधींत आणखी एक अदृश्य कुटुंब तळ्यांत बिऱ्हाड करतें. माशांच्या विष्ठेंतून व कुजणाऱ्या अन्नांतून अमोनिया निघतो, तो माशांस विषच. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करतात, आणि तें नायट्रेट वनस्पति खातात. ही घडी बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. दगडांवर जो बुळबुळीत थर येतो व जो घासून काढावयास आपले हात शिवशिवतात, तेंच या जंतूंचें घर. म्हणून दगड घासूं नयेत. गाळणी असल्यास ती तळ्याच्याच पाण्यांत खळबळून घ्यावी, नळाखालीं धुऊं नये. आणि पाणी बदलण्याची वेळ आलीच तर एका वेळीं पांचव्या हिश्शाहून अधिक बदलूं नये.

वनस्पतींविषयीं थोडेंच सांगतों. कमळाचा कंद फार पसरतो, त्यास स्वतंत्र टोपांत कोंडावें. आपल्याकडचें पांढरें कुमुद रात्रीं उमलतें आणि सकाळीं ऊन चढलें कीं मिटतें. चंद्राशीं त्याचें नातें जोडणाऱ्या कवींनीं निरीक्षण केलें होतें यांत शंका नाहीं. कांठास वेखंड, जलब्राह्मी आणि वाळा ही घरोपयोगी मंडळी उत्तम वाढतात. जलपर्णी मात्र कितीही जांभळीं फुलें दाखवो, तिला थारा देऊं नये. ती दक्षिण अमेरिकेची. अनुकूल हवेंत दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि आपल्याकडच्या नद्यांची तिनें काय दशा केली आहे हें सर्वांनीं पाहिलेंच आहे.

मासे थोडे असावे. वर सांगितलेल्या मापाच्या तळ्यांत बोटभर लांबीचे वीसपंचवीस मासे पुष्कळ झाले. जपानी कोई मासा दुकानांत बोटाएवढा दिसतो, पण दोन फुटांपर्यंत वाढतो व एकट्यास हजार लिटर मागतो, हें विकणारा सांगत नाहीं. पहांटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझांप करूं लागले, तर ती भूक नव्हे, गुदमर समजावी. वनस्पति दिवसां प्राणवायु देतात, परंतु रात्रीं त्यांसही श्वास घ्यावा लागतो. त्यामुळें सूर्योदयापूर्वीं पाण्यांतली शिल्लक सर्वांत कमी असते. आपण कारंजें दिवसां पाहुण्यांसाठीं चालवितों आणि रात्रीं वीज वांचवितों. याच्या नेमकें उलट केलें पाहिजे.

माशांस खाऊं घालणें हें आपल्याकडे पुण्यकर्म मानलेलें आहे, आणि एकत्र कुटुंबांत पुण्येच्छु माणसें पुष्कळ. आजी सकाळीं कणकेच्या गोळ्या टाकतात, मुलें शाळेंतून आल्यावर कुरमुरे टाकतात, संध्याकाळीं आलेले पाहुणे बिस्किटें टाकतात. प्रत्येकाचा घांस लहानच, पण तळ्यास तो चारसहा जणांकडून पोंचतो. उरलेलें तळाशीं कुजतें आणि वर वर्णिलेल्या अमोनियाची भर होते. यास्तव हें काम घरांतल्या एकाच व्यक्तीकडे द्यावें, आणि दोनतीन मिनिटांत संपेल एवढेंच घालावें. निर्माल्याचेंही तेंच. फुलें पवित्र असलीं तरी कुजण्याचा धर्म सोडीत नाहींत. त्यांस तुळशीजवळच्या खड्ड्यांत जागा द्यावी. घरचा गणपति घरच्याच तळ्यांत विसर्जन करावा, ही कल्पना मोहक आहे खरी. परंतु शाडूची मूर्ति विरघळून तितकीच बारीक माती व रंग पाण्यांत सोडते, आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ति पाण्यांत मातीसारखी विरघळतच नाहीं. शाडूच्या मूर्तीस घंगाळांत किंवा बादलींत निरोप द्यावा आणि तें पाणी एखाद्या झाडास घालावें. भक्तींत त्यानें उणें पडत नाहीं.

तळें म्हटलें कीं डांस, हा आक्षेप वडील माणसांकडून येतो, आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. १८९७ सालीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांनीं हिंवतापाचा जंतु डांसाच्या पोटांत पाहिला. पुढें मुंबईंतल्या हिंवतापाची चौकशी करून डॉ. बेंटली यांनीं १९११ सालीं जो अहवाल दिला, त्यांत शहरांतल्या खासगी विहिरींकडे बोट दाखविलेलें होतें. अनॉफिलिस स्टीफेन्सी नांवाचा डांस त्यांत वाढत होता. पुढें विहिरी झांकण्याची मोहीम निघाली, आणि धर्मकृत्यांस विहिरीचेंच पाणी लागणाऱ्या कुटुंबांनीं हरकती घेतल्या. दोन्ही पक्षांची अडचण खरी होती. परसांतल्या तळ्यासाठीं त्यांतून घ्यावयाचा बोध इतकाच, कीं ज्या पाण्यांत डांसांच्या अळ्या खाणारें कोणी नाहीं तें पाणी धोक्याचें. उष्ण दिवसांत अंड्यापासून डांस उडेपर्यंत सातदहा दिवस पुरतात. मासे, चतुराच्या अळ्या आणि पाणकिडे असलेल्या तळ्यांत त्यांतल्या फारच थोड्या तगतात. उलट डेंग्यूचा डांस तळ्यापेक्षां पिंप, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे असल्या जागा पसंत करतो. तरी तळ्यांतही चोरजागा असतात. पानें इतकीं दाटलीं कीं मासा आंत शिरूं शकत नाहीं, तेथें आठवड्यांतून एकदां पांढऱ्या वाडग्यानें पाणी उचलून पाहावें. अळ्या असल्यास पांढऱ्यावर तत्काळ दिसतात, आणि मग पानें विरळ करावीं.

अळ्या खाण्यासाठीं गप्पी किंवा गंबुशिया मासे सोडण्याचा प्रघात आहे. गप्पी दक्षिण अमेरिकेचा. गंबुशिया उत्तर अमेरिकेचा, तो १९२८ सालीं हिंदुस्थानांत आणला गेला. अळ्या ते खातात, पण गंबुशिया बेडकांचीं पिल्लें आणि इतर माशांचीं अंडींही सोडीत नाहीं, आणि पावसाळ्यांत तळें भरून वाहूं लागलें कीं तो ओढ्यांत पोंचतो. माझा कौल डोक्यावर चकचकीत ठिपका असणाऱ्या आपल्या देशी पिकू माशास. तो पाण्याच्या अगदीं वरच्या थरांत राहतो, आणि अळ्याही तेथेंच श्वास घ्यावयास येतात. कोणताही मासा ठेवला तरी जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर बारीक जाळी हवीच. बेडकांमागें कधीं दिवड येईल. तो चावरा असला तरी बिनविषारी आहे. त्यास मारण्याचें कारण नाहीं.

आतां त्या खिडकीविषयीं. एकत्र कुटुंबांत लहान मुलावर दहा माणसांचें लक्ष असतें, आणि धोका नेमका येथेंच आहे. मूल आजीपाशीं असेल असें आईस वाटतें, आजीस वाटतें तें काकूबरोबर माडीवर गेलें. बुडणारें मूल ओरडत नाहीं, हात हालवीत नाहीं; दीडदोन वर्षांचें मूल डोक्याच्या भारानें पाण्यांत पालथें पडलें, तर फूटभर पाण्यांतूनही त्यास वर येतां येत नाहीं, आणि सारें कांहीं मिनिटांत संपतें. बुडून मृत्यु येण्याचा धोका एक ते चार वर्षें वयाच्या मुलांस सर्वांत अधिक असतो. म्हणून घरांत लहान मूल असेल, किंवा सुटींत येणारें असेल, तर आधीं कुंपण आणि मग पाणी. कुंपण चार फूट उंच असावें. त्याचे गज उभे असावेत, आडव्या गजांची शिडी होते. दोन गजांत चार इंचांहून अधिक अंतर नसावें. दार आपोआप मिटणारें आणि कडी उंचावर. पाण्याच्या किंचित् वर लोखंडी जाळी बसविली तर अधिक बरें. मुंजीलग्नास घर भरलेलें असतां तळ्याकडचा पहारा एका व्यक्तीकडे नांव घेऊन सोंपवावा, आणि ती उठली तर दुसऱ्याचें नांव घेऊन उठावें. “सगळे आहेत” म्हणजे कोणीच नाहीं.

तरीही अपघात झालाच, तर मुलास उलटें टांगणें, पोट दाबणें, गरगर फिरविणें असल्या जुन्या उपायांत क्षणही घालवूं नये. श्वास थांबला असल्यास प्रथम तोंडावाटें श्वास द्यावा, छातीवर दाब देत राहावें, आणि दुसऱ्यानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही कृति घरांतल्या चौघांनीं तरी आधींच शिकून घेतलेली असावी.

ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांस हेंच अधिक कळकळीनें सांगावयाचें. महाराष्ट्रांत २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना निघाली आणि शिवारोशिवारीं तळीं झालीं. तींतलें ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असें मोठें तळें, उतार एकास एक धरला तर, सुमारें २२ लाख लिटर पाणी धरतें. त्यास ५०० मायक्रॉन जाडीच्या प्लॅस्टिकचें अस्तर घालतात, आणि तें ओलें झालें कीं इतकें निसरडें होतें, कीं पोहतां येणारा धट्टाकट्टा माणूसही त्या उतारावरून वर चढूं शकत नाहीं. एकास वांचवावयास दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा बातम्या दर उन्हाळ्यांत वाचनांत येतात. चारी बाजूंस खुंटांना बांधलेले, गांठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडणें आणि टायरच्या दोन हवा भरलेल्या ट्यूबा तरंगत ठेवणें, यास अस्तराच्या मानानें कांहींच खर्च येत नाहीं. कुंपणाचा खर्च मात्र धरावाच लागतो, आणि तो तळ्याच्या खर्चांतच धरावा.

वर्षाकाठचें मोठें काम एकच, गाळ काढणें. तें वैशाखाच्या अखेरीस, पाणी कमी असतां करावें; परंतु सारा गाळ न काढतां तिसरा हिस्साच काढावा आणि जुनें पाणी राहूं द्यावें. दुपार टाळून संध्याकाळीं काम करावें, आणि निघालेला गाळ एक रात्र कांठावरच पसरून ठेवावा. त्यांतल्या गोगलगाई, चतुराच्या अळ्या आणि बेडूक रात्रींतून बरेचसे पाण्यांत परत जातात. सकाळीं उरलेला गाळ नारळाच्या आळ्यांत घालावा.